गंगम्माच्या डबीतली कडू विभूती

जुनी म्हणजे किती जुनी, हे मला विचारू नका, माझ्या झाकणाला विचारा. मी पितळेची डबी आहे मित्रांनो, विभूतीची. आकारानं मुठीएवढी. झाकणावर तीन आडव्या रेघा कोरलेल्या आहेत, आणि त्या रेघांवर आता पकडीचे दात उमटलेत. ते दात कसे उमटले, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म देगलूरचा. एका तांबटाच्या हाताखाली मी घडले. त्या गावात भांडण मराठीत सुरू होतं, तेलुगूत वाढतं आणि कानडीत मिटतं. माझ्या झाकणाच्या आट्या, म्हणजे फिरकीच्या खाचा, पाडायची वेळ आली तेव्हाच शेजारच्या दुकानात एक भांडण मराठीतून तेलुगूत निघालं होतं. तांबटाचे कान तिकडं गेले, हात इकडं हलला, आणि माझी पहिली आटी तिरकी पडली. झालं! जन्माची खोड लागली. झाकण सरळ बसवलं तर लोण्यासारखं फिरतं. जरा तिरकं लागलं की असं अडकतं, की पैलवान घाम पुसत बसतो.

गंगम्मा लग्न होऊन देगलूरहून लातूरला निघाली तेव्हा तिच्या आईनं मला तिच्या ओटीत घातलं.

"आई, झाकण अडकून राहिलंय गं हिचं."

"अडकू दे की. सांडायचं तरी न्हाई."

एवढ्या शिफारशीवर मी सासरी आले.

तिथं मला चांगले दिवस आले. गंगम्मा विभूतीचे गोळे फोडायची, मलमलीच्या फडक्यातून चाळायची, माझ्यात भरायची आणि काठोकाठ आलं की स्वतःच्याच हाताला म्हणायची, "साकु, साकु." म्हणजे पुरे. तिचा नवरा सिद्रामप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणत, आंघोळ करून पाटावर बसायचे. तीन बोटं माझ्यात घालायची, कपाळावर तीन पट्टे ओढायचे आणि उरलेली चिमूट जिभेवर ठेवायची. डोळे मिटलेले. चाळीस वर्षांत त्या माणसानं माझ्यात एकदाही डोकावून बघितलं नाही. गंगीनं भरलंय म्हटल्यावर बघायचं काय?

घरातल्या लेकराला ताप आला, काढा डबी. कुणाची परीक्षा आहे, काढा डबी. अप्पांच्या आडत दुकानावरनं तुरीचा ट्रक निघाला, तर ड्रायव्हरच्या कपाळालाही माझ्यातलंच बोट लागायचं. त्या घरात माझ्यावाचून कुणी उंबरा ओलांडला नाही.

मग अकरा वर्षांमागं गंगम्मा गेली. सुनेनं, शिवकन्येनं, प्लास्टिकची बाटली आणली. तिला वर भोकं होती, हलवली की विभूती पडायची, वर गुलाबाचा वास. माझी रवानगी देवघराच्या मागच्या फळीवर झाली. एका बाजूला तेलाचं रिकामं डबडं, दुसऱ्या बाजूला जीभ तुटलेली घंटी. अकरा वर्षं आम्ही तिघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. बोलणार काय? तळाशी उरलेली दोन बोटं विभूती सांभाळत मी बसून होते.

मित्रांनो, विसरलं गेल्याचं दुःख मोठं असतं. पण आठवण झाली ती कुणाला आणि कशासाठी, तेही ऐका.

अप्पांची नात सृष्टी नांदेडला फार्मसी शिकते. अप्पांच्या पंच्याहत्तरीचा मोठा कार्यक्रम ठरला म्हणून ती आदल्या दिवशी दुपारी घरी आली. आता हॉस्टेलची लेकरं घरी आली की आई आधी लेकराला बघत नाही, बॅग बघते. मळके कपडे काढून भिजवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. शिवकन्येनं बॅगेची चेन अर्धी ओढली आणि सृष्टी ओरडली, "आई, थांब! मी काढते!"

दुसऱ्या मिनिटाला ती देवघरात. हातात बोटभर लांबीची, दाबून बंद होणारी प्लास्टिकची पुडी. आत पांढरट पावडर. तिनं इकडं तिकडं बघितलं, मागं हात घातला आणि मला बाहेर ओढलं. अकरा वर्षांनी माणसाचा हात लागला हो! मी हरखून गेले. तिनं झाकण काढलं, पुडी आत कोंबली, झाकण लावलं आणि तिथंच बसून हलक्या आवाजात हॉस्टेलच्या मैत्रिणीला फोन केला.

"पुनम, ठेवलंय मी. पर सोमवारी आल्याआल्या घेऊन जा बाई तुझं तू. मला न्हाई ठेवायचं."

तिकडून पुनमचं हसणं ऐकू आलं. "अगं एमडीच हाय, बाँब न्हाई. माझ्या बड्डेला लागणार हाय. तुझ्या घरी कोण झडती घेतंय?"

"मागच्या पार्टीचं विसरलीस का? सहा तास नाचले मी. पाणी प्यायचं ध्यान न्हाई. छातीत नुसतं धडाडधड. दुसऱ्या दिवशी जबडा असा धरला की भाकर चावंना. वरून दोन दिवस उगीच रडून राहिले होते."

"सगळ्यांनाच होतं तसं. तू तर फार्मसीवाली, डोस काढून दे की आम्हाला!"

"फार्मसीवाली हाय म्हणूनच भ्या वाटतंय. आत काय काय मिसळलंय, ते विकणाऱ्याच्या बापाला म्हाईत नसतंय."

एवढं सगळं कळत होतं पोरीला. तरी पुडी घेतली होती. नाही म्हटलं असतं तर मैत्रिणींनी गावंढळ म्हटलं असतं, एवढ्याच धाकानं. माझ्या पोटात नशेची पावडर आहे, हे मला त्या दिवशी पुरतं समजलं. पण डबीला पोट असतं, तोंड नसतं.

दुसरा दिवस उजाडला. दारात मांडव, मांडवासमोर वीस फुटी फ्लेक्स. त्यावर अप्पांना काळा गॉगल लावलेला. अप्पांनी जन्मात गॉगल लावला नव्हता, पण फ्लेक्सवाला म्हणाला, त्याशिवाय डिझाइनच नाही. सृष्टी स्कूटीवर गंजगोलाईच्या बाजारात हार आणायला गेली होती. अप्पा आंघोळ करून पाटावर बसले आणि बाटलीकडं बघून म्हणाले, "शिवकन्या, गंगीची डबी कुठं हाय गं? आज तिच्या डबीतली लावतो."

शिवकन्येनं मला शोधलं, पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. मित्रांनो, अकरा वर्षं ज्या घडीची वाट बघितली ती घडी आली, आणि माझं पितळ थंड पडलं.

अप्पांनी झाकण काढलं. नेहमीसारखी डोळे मिटून बोटं घातली. बोटाला प्लास्टिक लागलं. डोळे उघडले, पुडी बाहेर काढली. आता तुम्ही म्हणाल, संशय यायला नको का? आमच्या लोकांत नाही येत. श्रीशैलच्या यात्रेला जाऊन आलेला माणूस ओळखीच्या घरी विभूतीची पुडी देतो. घरात कुणी नसलं तर गुपचूप देवघरात ठेवून जातो, नावही सांगत नाही. देवाच्या गोष्टीवर नाव कशाला? अन् हल्ली ती विभूती तसल्याच पुडीत मिळते.

"श्रीशैलची दिसती," अप्पा म्हणाले. "कुणी ठेवली गं?"

"मला न्हाई म्हाईत. असंल कुणाची तरी."

अप्पांनी पुडी दोन्ही डोळ्यांना लावली, फोडली, माझ्यात ओतली, बोटानं कालवली. तीन पट्टे ओढले आणि चिमूट जिभेवर ठेवली. तोंड वाकडं झालं.

"कडू हाय गं." मग जरा विचार करून म्हणाले, "अस्सल असंल."

आणि अस्सलचा मान म्हणून आणखी एक चिमूट घेतली.

पाऊण तासानं सत्कार सुरू झाला. अप्पांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं होतं, त्यामुळं सगळ्यात आधी कळलं ते मला. माझ्या पाठीमागं त्यांचं काळीज हलगीसारखं वाजायला लागलं.

अप्पा दिवसाला चार शब्द बोलणारे. त्यातले दोन 'हूं'. त्या माणसानं माईक धरला तो सोडेना. पाहुण्यांचे आभार मानले, मांडववाल्याचे मानले, घरच्या बोअरचे मानले, अठरा वर्षांमागं मेलेल्या बैलाचे मानले. मग खाली उतरून थेट संगप्पाला मिठी मारली. संगप्पा त्यांचा चुलतभाऊ. दोन घरांमधल्या नालीवरनं बावीस वर्षं अबोला होता.

"संग्या, नाली तुझी! भिंतबी तुझी! तू माझा भाऊ हायस!"

संगप्पा मिठीतनं घाबरून म्हणाला, "अप्पा, लिहून देतूस का?"

मांडव हसला, मग रडला. बायांनी पदर डोळ्याला लावले. पण मी खिशात होते मित्रांनो. सदरा घामानं ओला, अंग तव्यासारखं तापलेलं. जबड्यात दातावर दात कराकरा वाजत होते. डोळ्यातली बाहुली एवढी मोठी झाली होती की काळा गॉगल खरंच लावावा. लोकांना दिसत होता तो आनंद. मला दिसत होतं ते म्हाताऱ्या काळजाला मारलेले चाबूक.

गल्लीतली नीलम्मा उठली. "संचार झालाय! अप्पाच्या अंगात आलंय!"

"आत्या, आपल्यात अंगात येत न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"आजपर्यंत येत नव्हतं. आज आलंय!"

झाली सुरुवात. लोक अप्पांच्या पाया पडायला लागले. "अप्पा, हे कशानं झालं?" असं विचारल्यावर अप्पांनी मला खिशातनं काढून वर धरलं. "गंगीच्या डबीनं! श्रीशैलची विभूती हाय. या, एकेक चिमूट घ्या सगळे!"

तीनशे माणसांची रांग लागली. जेवणाच्या पंगतीलाही एवढी शिस्त नव्हती. रांगेत पहिली नीलम्मा, कडेवर चार वर्षांची पणती अक्षरा.

"अप्पा, पोरगी अजून बोलंना बघा. तुम्ही न बोलणारे एवढे बोलाया लागले. हिच्या जिभेवर ठेवा चिमूटभर."

लेकरानं तोंड उघडलं. दुधाचे दात, इवलीशी जीभ. मला ओरडावंसं वाटलं. मला अप्पांच्या हातातनं उडी मारावीशी वाटली. डबीला यातलं काही येत नाही. पण झाकण सकाळी अप्पांनी घाईत लावलं होतं, तिरकं. देगलूरच्या तांबटाची चूक आडवी आली. अप्पा पिळतात, झाकण हलेना. दोघांनी ओढलं, हलेना. एकानं नारळासारखं पायरीवर आपटलं. नालीचा आनंद अजून ताजा असल्यानं संगप्पा पळत जाऊन पकड घेऊन आला आणि माझ्या तीन रेघांवर दात रोवून पिळायला लागला.

तेवढ्यात हार घेऊन सृष्टी आली. तिला आधी मी दिसले, मग अप्पांचे डोळे दिसले, मग लेकराचं उघडं तोंड. हार हातातनं खाली पडला.

"उघडू नका!" तिनं संगप्पाच्या हातातनं मला हिसकावलं.

"का गं? काय झालं?"

तीनशे माणसं बघत होती. खरं बोलायची ती वेळ होती. ती म्हणाली, "एक्स्पायर झालीय विभूती."

मांडव खो खो हसला. "फार्मसीला घातलं न् पोरगी येडी झाली! आगं, राख कधी एक्स्पायर होती का?"

त्या हसण्यात अप्पांनी छाती धरली. "गंगे," एवढंच म्हणाले आणि खुर्चीसकट आडवे झाले.

दवाखान्यात डॉक्टर भार्गवी होत्या. नाडी, ताप, बीपी बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी आली. "सकाळपासून काय खाल्लं? कुठलं औषध घेतलं? नीट आठवून सांगा."

सगळे एकदम बोलायला लागले.

"पोहे खाल्ले, अन् दोन पेढे."

"बीपीची गोळी चालू हाय."

"मॅडम, नजर लागली हो. वीस फुटाचा फ्लेक्स लावला, कुणीबी नजर लावंल."

संगप्पा पुढं झाला. "डॉक्टरीणबाई, अंगात आलंय. सुई टोचू नका, उतरलं म्हंजे?"

सृष्टी भिंतीला टेकून उभी होती. ओढणीखाली तिच्या मुठीत मी. तिचा तळहात इतका घामेजला होता की मी निसटेन असं वाटत होतं. पलीकडं पडद्याआड यंत्राची टिकटिक पळत सुटली होती, थांबत होती, पुन्हा पळत होती. सांगितलं तर कॉलेज गेलं, अब्रू गेली, आई जन्मभर तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर अप्पा. पोरगी हे दोन्ही तागडीत घालत होती आणि प्रत्येक टिकटिकीला अप्पांकडचं पारडं जड होत होतं.

"लवकर सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "अंदाजानं औषध दिलं न् चुकलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

सृष्टी पुढं आली. तिनं मला टेबलावर ठेवलं. पितळेचा आवाज झाला, टक्.

"ह्यात एमडी हाय मॅडम. विभूतीत मिसळलंय. अप्पांनी जिभेवर घेतलं असंल, सकाळी नऊच्या सुमाराला, आंघोळ झाल्यावर. मी ठेवलं होतं."

शिवकन्येला आधी कळलंच नाही. "एमडी म्हंजे? डॉक्टरची डिग्री असती ती?" मग लेकीच्या तोंडाकडं बघून तिला कळलं. ती खाली बसली. मारलं नाही, ओरडली नाही. नुसती बसून राहिली. मार बरा होता.

डॉक्टरांनी शिव्या दिल्या नाहीत. "किती? अंदाजे?" एवढंच विचारलं आणि आत पळाल्या. ह्याला उतारा नसतो मित्रांनो. अंग गार करायचं, मेंदू शांत करायचा, काळजावर नजर ठेवायची आणि वाट बघायची. नंतर बाहेर येऊन त्या सृष्टीला म्हणाल्या, "वीस वर्षांच्या पोराचं काळीज बंद पडलेलं बघितलंय मी ह्यानं. हे पंच्याहत्तरचे. वरनं बीपी. आणखी एक तास गप्प बसली असतीस तर मी भलतंच औषध देत बसले असते."

"ते लेकरू, मॅडम," सृष्टी म्हणाली. "झाकण निघालं असतं तर."

डॉक्टर पुन्हा पडद्याआड गेल्या.

अप्पा वाचले. पण दोन दिवस, दोन रात्री त्यांचा डोळा लागला नाही. त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर गंगम्मा बसलेली दिसायची. तिच्याशी बोलायचे, आडतीचं, लेकरांचं, नालीचं. हसायचे. तिसऱ्या दिवशी नशा उतरली आणि स्टूल रिकामं झालं. "सृष्टे, गंगी गेली का गं?" असं म्हणून जे रडायला लागले, ते आठवडाभर थांबेनात. अकरा वर्षांमागं बायको गेली तेव्हा तो माणूस एवढा रडला नव्हता. पांढऱ्या पावडरीनं त्यांची गंगम्मा दोन दिवस आणून दिली आणि दुसऱ्यांदा मारली.

मला पोलीस घेऊन गेले. सृष्टीनं जबाबात सगळं सांगितलं, स्वतःचं नावही गाळलं नाही. पुनमनं आधी ओळखच दाखवली नाही, मग तिच्या आईबापानं तिला पुढं आणलं. मी पाच महिने ठाण्याच्या कपाटात होते, कपड्यात बांधलेली, वर लाखेचा शिक्का. शेजारी चोरीचा मोटरपंप आणि जप्त केलेला डीजेचा भोंगा. त्या भोंग्याला फार बोलायची सवय होती, पण वायर तोडलेली.

इकडं अप्पा घरी आले. आता जिना चढताना दोनदा थांबतात. उजव्या हाताची बोटं थरथरतात. संगप्पानं नालीची भिंत स्वतःच मागं घेतली, म्हणाला, "नशेत दिलेलं मी कशाला घेऊ?" हे एक तेवढं बरं झालं. पण अप्पा बाटलीतली विभूती लावेनात. "गंगीची डबी येऊ द्या. तवर कपाळ मोकळं राहू द्या."

कोर्टाच्या हुकमानं मी परत आले तेव्हा शिवकन्या म्हणाली, "मोडीत घालू ही." सृष्टी म्हणाली, "न्हाई." तिनं मला चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, पाण्यात उकळलं, ते पाणी फेकून पुन्हा उकळलं. एवढं घासलं की तीन रेघा पुसट झाल्या, पकडीचे दात तेवढे राहिले. मग अप्पांसमोर बसून तिनं गोळे फोडले, मलमलीतनं चाळले आणि मला भरलं. हात थांबेना तेव्हा अप्पाच म्हणाले, "साकु गं, साकु."

मी त्यांच्या हातात गेले. झाकण निघालं. अप्पांनी बोटं पुढं आणली, आणि थांबले.

डोळे उघडे होते. त्यांनी माझ्यात वाकून बघितलं. वास घेतला. मग पापणी लवायच्या आत एकदा सृष्टीकडं बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर पोरगी रडून मोकळी झाली असती. नुसतं बघितलं. मग तीन बोटं घातली, थरथरत्या हातानं पट्टे ओढले, वाकडे आले. चिमूट जिभेवर ठेवली नाही. पुन्हा माझ्यातच सोडली.

सृष्टीनं ते बघितलं. ती पुढं सरकली आणि त्यांचे वाकडे पट्टे आपल्या बोटानं सरळ केले.

मित्रांनो, पार्टीत कुणी पुडी पुढं केली तर 'नाही' म्हणायला एक शब्द लागतो. आणि एखाद्यानं घेतलीच, तो तापला, बडबडला, पडला, तर तिथंच, त्याच मिनिटाला डॉक्टरला खरं सांगायला फार तर चार शब्द लागतात. माझ्याकडं एकही नव्हता. तुमच्याकडं आहेत.

आता मी रोज उघडते. सृष्टीच्या कोर्टाच्या तारखा चालू आहेत, पण कॉलेजनं तिला परत घेतलंय; रोज सकाळी नांदेडहून तिचा फोन येतो, "अप्पा, लावली का विभूती?" "लावली की." रोज अप्पा आधी वाकून बघतात, मग बोटं घालतात. जीभ कोरडी राहते.

मला घाई नाही. तिरक्या आटीची डबी धीर धरायला शिकलेली असते. ज्या दिवशी तो म्हातारा डोळे मिटून, न बघता, माझ्यातली चिमूट उचलून जिभेवर ठेवील, त्या दिवसाची मी वाट बघते आहे. नांदेडात एक पोरगीही बघते आहे.